भिंतीपलीकडचा सर्व्हर

भैयासाहेब जगदाळे माझ्याकडे आले की आधी फ्रिजच्या पाठीवर हात ठेवतात, मग टीव्हीच्या, आणि मग मला विचारतात, "कशा आहात ताई?" तळहात नाही, हाताची मागची बाजू, तापलेल्या पोराच्या कपाळाला आई लावते तशी. क्षणभर डोळे मिटतात आणि निकाल देतात, "ज़िंदा है." माझ्या मिक्सरला हात लावून मात्र ते एकदा नुसतेच "हं" म्हणाले होते. पुढे अनारशांचे तांदूळ वाटता वाटता तो गेला. तेव्हापासून भैयासाहेब आले की मी माझी खुर्ची जरा मागे ओढून घेते.

हे आपल्या रक्तातच आहे, असं ते सांगतात. जगदाळ्यांचे पूर्वज दक्षिणेतून घोड्यांवर बसून ग्वाल्हेरला आले आणि पिढ्यान्‌पिढ्या पागेतच राहिले. बाजारातलं घोडं असेल तर दात बघायचे, घरचं असेल तर मानेवर हात ठेवायचा, ही आजोबांची शिकवण. पुढे घोडी गेली, पागा गेली, भैयासाहेब एका सरकारी खात्यात कॉम्प्युटरच्या खोलीचे मुख्य झाले. हात तेवढा राहिला.

आमची घरं ग्वाल्हेरच्या हरिशंकरपुरम कॉलनीत एकमेकांना चिकटून आहेत. माझी झोपायची खोली आणि त्यांची मागची खोली यांच्यामध्ये एकच भिंत. मी या घरात राहायला आले तो पहिला हिवाळा मी विसरणार नाही. आमच्याकडे जानेवारीत धुकं असं पडतं की स्वतःच्या घराचं फाटक दिसत नाही, आणि रजईतून हात बाहेर काढायचा तर मनाची तयारी करावी लागते. अशात एका सकाळी मी भिंतीला पाठ टेकली आणि दचकून उठले. भिंत गरम होती. उन्हानं तापते तशी नाही. पलीकडून कुणी माणूस पाठ लावून बसलं असावं, तशी. कान लावला तर आत श्वास चालू होता, लांब, एकसुरी, मध्ये कुठेही न थांबणारा. हिवाळ्यात पाली कुठे नाहीशा होतात कोण जाणे, पण माझ्या त्या भिंतीवर मात्र त्या भर थंडीत पसरलेल्या होत्या; सगळ्यांच्या हनुवट्या भिंतीला टेकलेल्या, ऐकत असल्यासारख्या. मी शाळेत भूगोल शिकवण्यात उभा जन्म घालवलाय. भुताखेतांवर माझा विश्वास नाही. तरी मी पलंग खोलीच्या दुसऱ्या टोकाला ओढून नेला.

दुपारी सुमनताई, म्हणजे भैयासाहेबांची बायको, ओळख करून घ्यायला आल्या तेव्हा उलगडा झाला. "अहो, ते यांचं मशीन आहे. ऑफिसनं लिलावात काढलं, यांनी उचलून घरी आणलं. सवत म्हणा ना माझी." माझा पलंग बघून त्या हसल्या. "परत भिंतीशी घ्या बरं. थंडीत पाठ धरते म्हणालात ना? आयता शेक मिळतोय."

मी ऐकलं. त्या हिवाळ्यापासून माझी पाठ त्या भिंतीच्या भरवशावर आहे.

मशीन म्हणजे मोठ्या ट्रंकेएवढी लोखंडी पेटी. ऑफिसात तिला सर्व्हर म्हणत. आत एकाऐवजी दोन प्रोसेसर, प्रत्येकावर पितळी बंबासारखं काहीतरी बसवलेलं, आणि पंख्यांची रांग. समोर एक निळा दिवा, कधीही न विझणारा. भैयासाहेब तिला 'तो' म्हणत. 'तो' कधी बंद होत नसे. खोलीत भिंतीला लागून बॅटऱ्यांची फलटण उभी होती. लाइट गेली तरी त्याचा श्वास चुकू नये म्हणून. आमच्याकडची लाइट कशी जाते हे ज्यांना माहीत आहे त्यांना या फलटणीचं मोल कळेल. घरात एक वेळ माणसांचा पंखा थांबे, त्याचा नाही.

ऑफिसात भैयासाहेबांची एका गोष्टीसाठी दहशत होती. संध्याकाळी ते दारात उभे राहत आणि घरी निघालेल्या प्रत्येकाला विचारत, "नीट बाहेर पडलात?" म्हणजे दारातून नव्हे, मशीनमधून. सकाळी आपलं नाव लिहून आत शिरायचं आणि जाताना रीतसर बाहेर पडायचं, असा तिथला नियम. एक कारकून तसाच उठून गेला. त्याचा त्या संध्याकाळी साखरपुडा होता. भैयासाहेब स्कूटर काढून थेट महाराज बाड्यामागच्या त्याच्या घरी गेले आणि भर पाहुण्यांत त्याच्यासमोर उभे राहिले.

"मशीनच्या हिशेबानं तुम्ही अजून ऑफिसात खुर्चीवर बसलेले आहात," ते म्हणाले. "मग इथे पेढा खाऊन राहिलाय तो कोण?"

मुलीकडच्या एक म्हाताऱ्या आत्याबाई हे ऐकून इतक्या घाबरल्या की त्यांनी नवऱ्या मुलाच्या पायांचे अंगठे सरळ आहेत ना, ते वाकून बघून घेतले. कारकून स्कूटरवर मागे बसून ऑफिसात आला, बाहेर पडला आणि परत जाऊन अंगठी घातली. हा किस्सा सुमनताई सांगत तेव्हा भैयासाहेब तिथेच बसलेले असत आणि अजिबात हसत नसत. कुणाच्याही घरून निघताना ते 'येतो' वगैरे म्हणत नसत. उठायचे, चारी बाजूंना नजर फिरवायचे, म्हणायचे "बंद", आणि जायचे.

अशा माणसाला बायको मिळाली ती सुमनताई. निवृत्तीनंतर भैयासाहेबांनी हौसेनं त्यांच्यासाठी स्वयंपाकघरात, धान्याच्या डब्यांशेजारी एक जुना स्क्रीन आणि की-बोर्ड बसवला आणि भिंतीतून वायर नेऊन 'त्याला' जोडली. सुमनताई भराभर शिकल्या. चिरोटे, कडबोळी, भोंडल्याच्या खिरापतींच्या याद्या, सगळं त्या आत घालू लागल्या. फक्त काम झालं की तशाच उठून जात. भैयासाहेब मागच्या खोलीतून ओरडत, "सुमन, तू बाहेर नाही पडलीस."

त्याला कारण होतं. बाहेर पडायचं तर इंग्रजीत 'एक्झिट' लिहावं लागे. त्याचा अर्थ काय, हे एकदा त्यांनी विचारून घेतलं आणि की-बोर्डावरून हात काढून घेतला.

"मी 'जाते' असं लिहू? स्वतःच्या हातानं?" त्या मला सांगत होत्या. "ताई, आपल्यात कुणी म्हणतं का असं? घरातून निघताना आपण 'येते' म्हणतो. मी सांगून दिलं यांना, मी नाही लिहिणार."

महिनाभर घरात यावरून तंटा चालला. सबंध ऑफिसला धाकात ठेवलेला माणूस हरला. त्यांनी मशीनलाच नवा शब्द शिकवला. सुमनताईंनी इंग्रजी अक्षरांत 'येते' लिहिलं की मशीन त्यांना रीतसर बाहेर सोडायचं, आणि सोडताना स्क्रीनवर उत्तर उमटायचं: 'ये. सावकाश ये.' सुमनताई ते बघायला मला मुद्दाम बोलावून घेऊन गेल्या होत्या. तोंडाला पदर लावून हसत होत्या.

त्यांना जाऊन आता काही वर्षं झाली. सकाळी स्वयंपाकघरात होत्या, दुपारी दवाखान्यात, आणि दिवेलागणीला सगळं संपलेलं. मला त्यांची फार सवय झाली होती. अजून दुपारचा चहा मी कपभर जास्तच ठेवते.

त्यानंतर भैयासाहेब बदलले नाहीत, आणि हेच मला विचित्र वाटे. जनगणनेवाल्या मुलीनं दारात विचारलं, घरात किती जण, तर त्यांनी सहज सांगितलं, "दोन." मी माझ्या दारातून ऐकत होते. मला वाटलं, चुकून बोलून गेले. पुढे दूधवाल्यालाही तेच, गॅसवाल्यालाही तेच. स्वयंपाकघरातल्या त्या स्क्रीनवर आता सुमनताईंनी विणलेला क्रोशाचा रुमाल पडलेला असे, आणि रुमालाच्या जाळीतून आतलं काहीतरी सारखं लुकलुके. आमच्या दोघांकडेही काम करणारी रामकली त्या कोपऱ्यात झाडू नेत नसे.

"बाईसाब, वहाँ कोई बैठी है," ती मला म्हणाली. "पलक झपकती है."

"रामकली, वो मशीन है."

"तो हमने कब कहा कि नहीं है," ती म्हणाली आणि माझी भांडी घासायला लागली.

अशात यंदा गणपतीच्या सुमारास त्यांच्या मुलानं, अजयनं, पुण्याहून लॅपटॉप पाठवला. बोटभर जाडीचा, राखाडी, आत पंखा म्हणून नाही. मला फोन आला, "मावशी, बाबांना समजवा ना. ते जुनं धूड भंगारात देऊन टाका म्हणावं. एखाद दिवशी आग लागेल. त्याचं सगळं काम हा चुटकीसरशी करेल." मला त्याचं म्हणणं पटलं. भिंत सोडली तर माझा त्यात काही स्वार्थ नव्हता.

भैयासाहेबांनी मला बोलावणं पाठवलं. मागच्या खोलीत दोन्ही समोरासमोर मांडलेले. "बसून घ्या ताई. आज यांची कुस्ती आहे."

कुस्ती अशी की अजयच्या लग्नाचं जुनं चित्रीकरण दोघांनाही द्यायचं आणि नव्या पद्धतीत लहान करून मागायचं. भैयासाहेबांनी दोन्हीकडे एकदम हुकूम दिला. त्यासरशी 'तो' गरजला. पंखे चढले, खोलीतली हवा तापली, कॅलेंडरची पानं उडायला लागली. लॅपटॉप मात्र ढिम्म. मला वाटलं, त्याला ऐकूच गेलं नाही. भैयासाहेबांनी त्याच्या पाठीला हात लावला आणि त्यांचा चेहरा उतरला.

"थंड आहे."

"मग चांगलंच आहे की."

"काम करून राहिलाय आणि थंड आहे," ते हळूच म्हणाले. "ताई, जिवंत असतं ते काम करताना थंड राहतं का?"

मी चहा करून आणेपर्यंत लॅपटॉपनं वरातसुद्धा उरकून टाकली होती. 'तो' अजून सीमांतपूजनात होता.

भैयासाहेब खोटं बोलणारे नाहीत. त्यांनी हार लगेच कबूल केली. "हुशार आहे. याच्यातली चिप माझ्या नखाएवढी. आमच्याकडे लग्नघरातले आचारी: पुष्कळ जण, प्रत्येकाची कढई मोठी, भट्टी पेटलेली, गावजेवण घाला म्हटलं तर घालतील. ही म्हणजे एकटी सून, पण हात असा चालतो की बघत राहावं. आणि खाते किती? चिमणीएवढं."

"मग द्या ना त्याला निवृत्ती. तुम्हाला मिळाली तशी."

"झाकण लावलं की हा झोपतो, ताई." ते लॅपटॉपकडे बघत म्हणाले. "आणि याच्या मेमरीत एक कण इकडचा तिकडे झाला तर याला माहीत पडत नाही. आपला 'तो' स्वतः तपासतो, स्वतः दुरुस्त करतो. चालू आहे तोवर विसरणं त्याला येत नाही. तसाच बनवलाय."

मग त्यांनी दोघांना एक शेवटचा प्रश्न विचारला. आत कोण कोण आहे, असा काहीतरी तो हुकूम. लॅपटॉपनं एकच नाव दाखवलं, भैयासाहेबांचं. 'त्यानं' दोन दाखवली. एक भैयासाहेबांचं. खाली, सुमन.

"हे दुसरं?" मी विचारलं.

"हो. आहे ना," ते म्हणाले. ती आत स्वयंपाकघरात आहे, येईल आता, अशा सुरात म्हणाले. नेमके त्याच वेळी पंखे आणखी वर चढले. मशीन मंगलाष्टकांपर्यंत पोचलं होतं, दुसरं काही नाही. पण माझ्या हातातला चहा बशीत सांडला, आणि मी पुढचं काही न विचारता घरी आले.

मग नवरात्र बसलं. सुमनताई घट नेहमी मशीनच्या खोलीत बसवत. ऊब असते, धान लवकर वर येतं म्हणून. भैयासाहेबांनी तेच चालू ठेवलं होतं. यंदा बाहेर डास फार, म्हणून त्यांनी लाकडी खिडकी घट्ट लावून घेतली. पाचव्या दिवशी रामकली धावत माझ्याकडे आली. मी जाऊन बघितलं आणि दारातच थबकले. गहू वीतभर वाढला होता. हिरवा नाही, पिवळट पांढरा, केसांसारखा बारीक. आणि सबंध धान एका बाजूला वाकलं होतं, मशीनच्या बाजूला, कुणी नाव घेऊन हाक मारल्यावर वळावं तसं.

"देवी उसी को देख रही हैं," रामकली हात जोडून म्हणाली.

संध्याकाळपर्यंत कॉलनीतल्या बायका दर्शनाला येऊ लागल्या. कुणी मशीनला हळदकुंकू वाहिलं, कुणी ओटी ठेवली. भैयासाहेब कावरेबावरे होऊन सगळ्यांच्या पुढे हात आडवे करत होते. "पंख्यात कुंकू चाललंय! अहो वहिनी, तांदूळ नको, तांदूळ आत खेचून घेईल तो!" शेवटी मीच बायकांना समजावलं की खिडकी बंद आहे, नंदादीप पंख्यांच्या वाऱ्यामुळे देवघरात ठेवलाय, खोलीत उजेड म्हणून तेवढा तो निळा दिवा आहे, आणि रोप उजेडाकडे वाकतं. अंधारात वाढलं की ते असंच फिकट आणि लांब होतं. सगळ्या माझ्याकडे नाराजीनं बघायला लागल्या. माझं स्पष्टीकरण पूर्ण बरोबर होतं, पण त्या खोलीत उभं राहून ते मला स्वतःलाच धड पटत नव्हतं.

आणि मग त्याच नवरात्रात एका दुपारी कोपऱ्यावरचा ट्रान्सफॉर्मर जळाला. देवीच्या मांडवाची रोषणाई त्याला सोसली नाही. लाइनमन येऊन बघून गेला आणि म्हणाला, आता उद्याच. मला काही विशेष वाटलं नाही. भैयासाहेबांकडे बॅटऱ्यांची फलटण होती.

दिवेलागणीला ते माझ्या दारात आले. आत आले, आणि फ्रिजला हात लावला नाही. मी तेव्हाच ओळखलं.

"ताई, बॅटऱ्या संपत आल्या. जुन्या झाल्या आहेत. तुमचा इन्व्हर्टर देता?"

खिडकीतून वायर टाकली. माझ्या इन्व्हर्टरनं ते ओझं क्षणभर उचललं, मोठ्यानं किंकाळी फोडली आणि मान टाकली. पुन्हा लावून बघितलं, पुन्हा तेच.  मी म्हटलं, "अहो, त्यातलं सगळं लॅपटॉपवर नेलंय ना तुम्ही?"

"केव्हाच. याद्या, फोटो, सगळं. एका घासात गिळलं त्यानं."

"मग होऊ दे ना बंद. उद्या लाइट आली की परत चालू करा."

ते मला स्वयंपाकघरात घेऊन गेले. डब्यांशेजारचा क्रोशाचा रुमाल त्यांनी उचलला. काळ्या स्क्रीनवर एका कोपऱ्यात इंग्रजीत 'सुमन' लिहिलेलं होतं आणि नावापुढे एक छोटी पांढरी रेघ लुकलुकत होती. दिसत होती, नाहीशी होत होती, दिसत होती. कुणीतरी काही लिहील म्हणून थांबलेली.

"त्या दिवशी सकाळी ती इथे बसली होती," भैयासाहेब म्हणाले. "छातीत कसंतरी होतंय म्हणाली आणि उठली. मी रिक्षा आणली. घाईत दारातून निघताना काही बोलली नाही. 'येते' म्हणाली नाही. इथेही लिहिलं नाही. तशीच उठून गेली, नेहमीसारखी." रुमाल त्यांच्या हातात तसाच होता. "दवाखान्यातून मी एकटा परत आलो. सवयीनं त्याला विचारलं, आत कोण आहे. त्यानं दोन नावं दाखवली. त्याच्या हिशेबानं ती अजून इथेच बसलेली आहे, ताई. मी कशाला त्याला खोटं पाडू?"

साखरपुड्यातून उठवून आणलेला तो कारकून मला आठवला. 

"उद्या चालू होईल तो," ते पुढे म्हणाले. "सगळं जसंच्या तसं येईल. फक्त आतल्या माणसांची यादी कोरी येईल. फाइली लॅपटॉपवर जातात. बसलेला माणूस नाही जात."

मागच्या खोलीतून बॅटरीची बारीक शिट्टी ऐकू यायला लागली. थांबून थांबून वाजत होती, आणि मधलं अंतर कमी होत चाललं होतं. भैयासाहेबांनी की-बोर्डावर बोट धरलं, टेकवलं नाही.

"तिच्याऐवजी मी लिहून देऊ का? 'येते' म्हणून? निदान नीट जाईल. असं मध्येच तोडल्यासारखं नको." बोट तिथेच अडकलं होतं. "तुम्ही लिहा ताई. मला नाही होत."

मी हात पुढे केला आणि मागे घेतला. ते मला योग्य वाटेना. सुमनताईंनी त्या एका शब्दासाठी महिनाभर भांडण केलं होतं.

"भैयासाहेब, ते सुमनताईंनी म्हणायचं असतं," मी म्हटलं. "दुसऱ्याचं 'येते' आपण म्हणत नाही. आपण काय म्हणतो, ते म्हणा."

 मग त्यांनी उजव्या हाताची मागची बाजू हळूच स्क्रीनच्या वरच्या कडेवर ठेवली. स्क्रीन अजून कोमट असावा. शिट्टी आता सलग वाजत होती.

"ये," ते म्हणाले. "ये, सुमन. सावकाश ये."

रेघ दिसली. नाहीशी झाली. मग दिसली नाही.

पलीकडे पंखे एकेक करून उतरत गेले आणि थांबले. त्या घराची शांतता मी तोवर कधी ऐकलीच नव्हती. लांबून मांडवातली आरती ऐकू येत होती, लाउडस्पीकर नव्हता, नुसते बायकांचे आवाज आणि टाळ्या. भैयासाहेबांनी रुमाल घडी घालून डब्यांवर ठेवला. अंधारात मला त्यांचा चेहरा दिसत नव्हता, आणि मला तो बघायचाही नव्हता. मला रडू आलं ते मी तिथेच उभी राहून आलं तसं येऊ दिलं.

दुसऱ्या दिवशी लाइट आली. भिंत गारच राहिली. भैयासाहेब मशीनला हात लावीनात. त्यांनी खोलीची खिडकी उघडली, बाहेरच्या उजेडानं धान हळूहळू खिडकीकडे वळलं आणि त्याच्यावर थोडी हिरवी कळा आली. दसऱ्याला ते आपट्याची पानं आणि ते धान घेऊन माझ्याकडे आले. मी चार काड्या केसांत खोवल्या. ते थोडा वेळ बसले, अजयनं फोनवर काय सांगितलं ते बोलले, आणि उठले. त्यांनी सवयीप्रमाणे चारी बाजूंना नजर फिरवली. मी त्यांच्या त्या 'बंद'ची वाट बघत होते.

"येतो," ते म्हणाले.

"या," मी म्हटलं, आणि दार लावायला मला जरा उशीर झाला.

पौषात धुकं उतरलं. माझी पाठ ठरल्याप्रमाणे धरली. गरम पाण्याची पिशवी, तेल, सगळं करून झालं. तो शेक काही येईना. त्या भिंतीला आता कुणी टेकत नव्हतं, पालीसुद्धा नाही. आणि एका सकाळी नकळत पाठ मागे गेली, तर भिंत गरम. कान लावला, तर आत श्वास चालू.

मी शाल गुंडाळून तडक शेजारी गेले. वाटेत मनात काय काय येऊन गेलं ते सांगण्यासारखं नाही. मागच्या खोलीत भैयासाहेब कानटोपी घालून, मांडीवर लॅपटॉप घेऊन बसले होते. समोर 'तो' जीव तोडून गरजत होता. निळा दिवा लागलेला.

"काय काम दिलंय त्याला?" मी विचारलं.

"काही नाही. कामं सगळी आता याच्यावर," त्यांनी मांडीवरच्या लॅपटॉपला हाताची मागची बाजू लावली. "त्याला नुसतं आकडे मोजायला बसवून ठेवलंय. संपत नाहीत ते कधी."

"आणि आत?"

"मी एकटाच." हे त्यांनी सरळ सांगितलं. मग ते लॅपटॉपवर वाकले. माझ्याकडे न बघता बोलू लागले.

"तुमची थंडीत पाठ धरते, असं सुमन म्हणायची. हा हुशार आहे हो, ताई. पण याच्यानं भिंत नाही तापत."